आठ लाखांची रेघ: रेल्वे अपघातातली भरपाई कशी ठरते

बेळगावहून खानापूरला जायला लाल बस आहे, नाहीतर लोंढ्याकडे जाणारी रेल्वे. अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. उद्यमबागच्या एखाद्या फाउंड्रीत काम करणारा ३२ वर्षांचा माणूस डोळ्यांपुढे आणा. पगार महिना २०,००० रुपये, घरी बायको आणि दोन लहान मुलं. पाळी संपवून तो संध्याकाळी घरी निघतो. तो बसने गेला, चालकाच्या चुकीने बस उलटली आणि त्यात त्याचा जीव गेला, तर त्याची बायको बेळगावच्याच कोर्टात दावा लावून साधारण ३६ लाख रुपये मिळवू शकते. तोच माणूस त्याच संध्याकाळी रेल्वेने गेला, डबे रुळावरून घसरले आणि तो गेला, तर मिळतात ८ लाख. पगार वीस हजारांऐवजी दोन लाख असता तरी ८ लाखच.

हा फरक कारकुनाच्या चुकीने पडलेला नाही आणि न्यायाधीशाच्या मर्जीचाही नाही. कायद्यानेच ही रेघ आखलेली आहे. ती का आखली हे कळलं की ती कुठे योग्य आहे आणि कुठे अन्यायाची झाली आहे, हेही दिसतं. आपल्या भागातली कितीतरी घरं गोवा, पुणे, हुबळी, बंगळूर या वाटांवर रेल्वेने जाऊन पोट भरतात. मिरज ते लोंढा या पट्ट्यात कुडची, रायबाग, घटप्रभा, गोकाक रोड, बेळगाव, खानापूर या स्टेशनांवर जनरल डब्यात चढणाऱ्या माणसाला हे माहीत असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. अपघात झाल्यावर ते शिकायला वेळ मिळत नाही.

आधी बसचा हिशेब

रस्त्यावरच्या अपघातांना मोटार वाहन कायदा, १९८८ लागतो. त्याच्या कलम १६६ खाली भरपाईला वरची मर्यादा नाही. माणूस जगला असता तर घरी किती कमावून आणलं असतं, याचा हिशेब कोर्ट करतं. त्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत ठरवून दिली आहे.

आपल्या फाउंड्रीवाल्या माणसाचा पगार २०,०००. वय चाळिशीच्या आत असल्याने पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २८,०००. वर्षाचे झाले ३,३६,०००. त्यातला तिसरा हिस्सा त्याच्या स्वतःच्या खर्चाचा म्हणून वजा. उरले २,२४,०००. बत्तीस वर्षांच्या माणसाला १६ ने गुणतात. आले ३५,८४,०००. अंत्यविधीचा खर्च आणि कुटुंबाने गमावलेल्या सहवासापोटीची ठरावीक रक्कम धरली की छत्तीस लाखांच्या पुढे जातं.

पण इथे एक अट आहे. समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते. बसचालक हयगयीने चालवत होता हे दाखवता आलं नाही, किंवा चूक मेलेल्या माणसाचीच निघाली, तर रक्कम घटते किंवा हातातून जाते. ज्यांना ही लढाई नको त्यांच्यासाठी त्याच कायद्यात कलम १६४ आहे. त्यात चूक कुणाची हे विचारतच नाहीत. मात्र मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, एवढेच मिळतात. दोन्ही वाटांनी पैसे घेता येत नाहीत, पण कुठल्या वाटेने जायचं हे घरचे ठरवतात.

रेल्वेच्या प्रवाशाला फक्त ही दुसऱ्या प्रकारची वाट आहे.

रेल्वेशी झालेला सौदा

आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १८५३ साली धावली. पुढे बरीच दशकं अपघातात माणूस गेला तर वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दिवाणी कोर्टात जावं लागे आणि रेल्वेची चूक सिद्ध करावी लागे. आता विचार करा, एखाद्या शेतकऱ्याच्या विधवेने सिग्नल कुणी चुकवला, रूळ कुठे तुटला, सांधा कसा निसटला हे कुठून सिद्ध करायचं? सगळे कागद रेल्वेकडे, सगळे साक्षीदार रेल्वेचे नोकर.

म्हणून १९४३ साली १८९० च्या जुन्या रेल्वे कायद्यात ८२-अ हे कलम घातलं. टक्कर झाली किंवा गाडी घसरली तर चूक कुणाची हे न पाहता रेल्वेने भरपाई द्यायची, पण एका माणसामागे १०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. सौदा असा: रेल्वे म्हणाली, मी चुकीवरून भांडणार नाही, कायदा म्हणाला, मग तुझ्या जबाबदारीला हद्द राहील. प्रवाशाने मोठ्या रकमेचा हक्क सोडला आणि बदल्यात भरपाईची खात्री घेतली.

आजचा रेल्वे कायदा १९८९ चा. तो १ जुलै १९९० पासून लागू आहे, आणि हाच सौदा त्याच्या कलम १२४ मध्ये आहे. टक्कर, गाडी घसरणे किंवा प्रवासी गाडीला झालेला अन्य अपघात, यात रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावीच लागते. अपघाताचं कारण शोधायला रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात. ते रेल्वेच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, आणि त्यांची चौकशी महत्त्वाची असते. पण तिचा अहवाल येईपर्यंत भरपाई अडवून ठेवायचं कारण नाही. चालक चुकला की दरड कोसळली, याने भरपाईचा आकडा बदलत नाही.

आकडा मात्र कायद्यात लिहिलेला नाही, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. कलम १२९ ने तो ठरवायचा अधिकार केंद्र सरकारला दिला आणि सरकारने १९९० च्या भरपाई नियमांच्या परिशिष्टात तो घातला. मृत्यूला तेव्हा २ लाख. १ नोव्हेंबर १९९७ पासून ४ लाख. १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख. मधल्या एकोणीस वर्षांत चार लाखांची किंमत किती उतरली असेल ते प्रत्येक घराने बाजारात अनुभवलं आहे. २०१७ नंतरही दूध, गॅस, शाळेची फी काही थांबलेली नाही.

दुखापतींचाही तक्ता त्याच परिशिष्टात आहे. दोन्ही हात गेले, एक हात आणि एक पाय गेला, डोळ्यांवर चालणारं कुठलंच काम करता येऊ नये इतकी दृष्टी गेली, पूर्ण बहिरेपण आलं, चेहरा अतिशय विद्रूप झाला, या सगळ्यांना मृत्यूइतकेच ८ लाख. त्याखालच्या दुखापतींना अवयवाप्रमाणे कमी कमी. एकाला कितीही जखमा झाल्या तरी बेरीज ८ लाखांच्या वर जात नाही. तक्त्यात न बसणारी दुखापत असेल आणि माणूस कायमचा कामातून गेला असेल, तर रेल्वे दावा न्यायाधिकरण, म्हणजे असे दावे चालवणारं खास कोर्ट, पूर्ण रक्कम देऊ शकतं. जखमी माणसाचे वैद्यकीय कागद म्हणूनच जपायला हवेत.

या सपाट रकमेची चांगली बाजूही मान्य करायला हवी. पगाराचा हिशेब लावायचा म्हटलं की ज्याला पगार नाही त्याची किंमत कमी धरली जाते. घर सांभाळणारी बाई, शाळेतला मुलगा, तंबाखूच्या शेतात रोजाने जाणारी निपाणीकडची म्हातारी यांच्या घरच्यांना उत्पन्नाचे पुरावे कुठून आणायचे हा प्रश्न पडतो. रेल्वे त्यांच्याबाबत पगाराची चिठ्ठी मागत नाही. साहेबाला ८ लाख आणि शेतमजुराला ८ लाख. ही समानता मला मोलाची वाटते. अन्याय रकमेच्या सपाटपणात नाही. ती रक्कम वर्षानुवर्षं एका जागी गोठून राहते, त्यात आहे.

टाकीवर झाकण की घागरीवर

दुसऱ्या देशांतही अशा मर्यादा आहेत, पण सगळ्यांची घडण एक नाही. अमेरिकेचं उदाहरण घेतलं की आपली मर्यादा नेमकी कशी आहे हे जास्त स्पष्ट होतं. तिथे १९९७ च्या कायद्याने मर्यादा घातली ती एका अपघातातल्या सगळ्या प्रवाशांच्या मिळून एकूण दाव्यांवर. ती होती २० कोटी डॉलर. म्हणजे तिथे झाकण आहे टाकीवर, आपल्याकडे प्रत्येकाच्या घागरीवर. आपल्याकडे एक गेला काय आणि तीनशे गेले काय, प्रत्येकाच्या वाट्याचे ८ लाख कमी होत नाहीत. तिथे माणसागणिक मर्यादा नाही, पण अपघात मोठा झाला तर टाकीतलं पाणी सगळ्यांना पुरत नाही.

१२ सप्टेंबर २००८ ला लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ इथे मेट्रोलिंकची प्रवासी गाडी मालगाडीवर समोरासमोर आदळली. २५ माणसं गेली, शंभरावर जखमी झाली. २० कोटी डॉलर कोर्टाकडे जमा झाले, आणि न्यायाधीशापुढे एकाच्या मोडलेल्या पाठीतून काढून दुसऱ्याच्या भाजलेल्या शरीराला द्यायचं, असं वाटप करायची पाळी आली. पैसे पुरे पडले नाहीत. मग १२ मे २०१५ ला फिलाडेल्फियात ॲमट्रॅकची गाडी वळणावर वेगात घसरली आणि आठ जण गेले. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकी संसदेने मर्यादा साडेएकोणतीस कोटी डॉलरवर नेली आणि एक गोष्ट कायद्यातच लिहून टाकली: दर पाच वर्षांनी ही मर्यादा महागाईप्रमाणे आपोआप वाढेल. २०२१ साली ती ३२ कोटी २८ लाखांच्या घरात गेली.

तिथली पद्धत सगळी चांगली असं मी म्हणत नाही. तिथे रेल्वेची चूक दाखवावी लागते, वकिलांची फौज लागते. पण महागाईची ती एक ओळ आपल्या नियमांत नाही, आणि ती असायला हवी होती.

गाडीतून पडलेला माणूस

टक्कर आणि घसरणं हे अपघात पेपरात येतात. आपल्या पट्ट्यात घरोघरी ऐकू येणारी गोष्ट वेगळी असते: गर्दीच्या डब्यातून माणूस पडला. १९९४ पर्यंत कलम १२४ मध्ये याला जागाच नव्हती. गाडी सुखरूप, रूळ सुखरूप, मग अपघात कसला? १ ऑगस्ट १९९४ पासून कायद्यात कलम १२४-अ आलं आणि ‘अनुचित घटना’ ही नवी कल्पना आली. त्यात दोन गोष्टी येतात. पहिली, गाडीत किंवा स्टेशनच्या आवारात दहशतवादी कृत्य, हिंसक हल्ला, दरोडा, दंगल, गोळीबार, जाळपोळ. दुसरी, प्रवासी गाडीतून प्रवासी अपघाताने पडणे. इथेही चूक कुणाची हे विचारायचं नाही आणि रक्कमही तीच, ८ लाखांपर्यंत.

भरपाई नाकारता येते ती पाच कारणांनी: आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य, आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. दाव्यांतली सगळी ओढाताण या पाच शब्दांभोवती चालते. ‘दारात उभा होता, म्हणजे चूक त्याचीच’ हे वाक्य तर फार ऐकू येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं की उघड्या दारात उभं राहणं हा निष्काळजीपणा असेल, पण ते गुन्हेगारी कृत्य नव्हे, त्यावरून भरपाई नाकारता येणार नाही. त्याआधी २००८ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवलं होतं की गाडीत चढताना पडणं हेही ‘गाडीतून पडणं’च आहे. जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा माणूस दारात उभा राहतो तो हौसेने नाही, हे न्यायालयाला कळलं याचं मला बरं वाटतं.

रूळ ओलांडणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. टिळकवाडीचं पहिलं गेट असो की दुसरं, फाटक पडलेलं असताना दांड्याखालून वाकून जाणारा माणूस प्रवासी नसतो. त्याला १२४ नाही आणि १२४-अ ही नाही. उलट विनापरवाना रुळावर जाणं हा कलम १४७ खाली गुन्हा आहे. म्हणूनच पडून गेलेल्या माणसाच्या दाव्यात ‘हा रूळ ओलांडत होता’ असा बचाव वारंवार येतो. पहिल्या पंचनाम्यात काय लिहिलं जातं याला त्यामुळे फार महत्त्व आहे. मृतदेह रुळांपासून किती अंतरावर होता, कुठल्या बाजूला होता, कुठली गाडी नुकतीच गेली होती, खिशात काय सापडलं, शवविच्छेदनात जखमा कशा प्रकारच्या निघाल्या. पंचनामा कन्नडमध्ये असतो. आपल्यातल्या अनेकांना तो धड वाचता येत नाही आणि दुःखात सही करून मोकळे होतात. कन्नड नीट वाचणारं एक माणूस बरोबर न्या आणि सही करण्याआधी शब्दन् शब्द समजून घ्या.

तिकीट हरवलं तर

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक आक्का प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन घरी आली. अविवाहित मुलगा कामावरून परत येताना गाडीतून पडून गेला होता. पिशवीत शवविच्छेदनाचा अहवाल होता, रेशन कार्ड होतं, मुलाच्या मोबाइलचं खोकं होतं. “तिकीट न्हाई तर काय बी मिळत न्हाई म्हणायलेत की दादा,” ती म्हणाली. एका कचेरीत तिला कुणीतरी असं सांगून परत पाठवलं होतं, आणि तिने ते खरं मानून आठ महिने घालवले होते.

ते खरं नाही. भरपाई प्रवाशालाच मिळते आणि प्रवासी म्हणजे वैध तिकीट किंवा पास असलेला माणूस, इथवर बरोबर. प्लॅटफॉर्म तिकीट घेतलेलाही १२४-अ मध्ये प्रवासी धरला जातो. पण चालत्या गाडीतून पडलेल्या देहाच्या खिशात कागदाचा तुकडा सापडलाच पाहिजे असा हट्ट कायदा धरत नाही. ९ मे २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, आणि जो वकिलांमध्ये ‘रीना देवी’ या नावाने ओळखला जातो, त्यात हे स्वच्छ झालं. नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असं म्हणता येत नाही. वारसांनी प्रतिज्ञापत्रावर हकीकत मांडायची: तो कुठून निघाला, कुठे चालला होता, कुणी सोडायला गेलं होतं. त्यानंतर तो प्रवासी नव्हता हे दाखवायचा भार रेल्वेवर जातो. उलट बाजूने, रेल्वेच्या हद्दीत मृतदेह सापडला एवढ्यावरूनही आपोआप भरपाई मिळत नाही. हकीकत जुळावी लागते.

मोबाइलवर काढलेल्या तिकिटाची नोंद मागे राहते, खिडकीवरच्या तिकिटाची राहत नाही. आक्काच्या मुलाने खिडकीवरूनच काढलं होतं. तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगतो की तिकिटाचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲपवर टाका आणि मगच गाडीत चढा. पास असेल तर त्याचाही.

त्याच निकालाने रकमेचा एक घोळही मिटवला. अपघात ४ लाखांच्या काळात झाला आणि निकाल ८ लाखांच्या काळात लागला, तर द्यायचं काय? उत्तर असं की अपघाताच्या दिवशीची रक्कम अधिक व्याज काढा, निकालाच्या दिवशीची रक्कम पाहा, आणि जी मोठी असेल ती द्या. समजा अपघात २०१४ चा आणि निकाल २०२४ चा. ४ लाखांवर दहा वर्षांचं सरळव्याज ६ टक्क्यांनी धरलं तर २ लाख ४० हजार. बेरीज ६ लाख ४० हजार. ती आठपेक्षा कमी, म्हणून मिळायचे ८ लाख.

दावा कुणी करायचा? नवरा, बायको, मुलगे, मुली. गेलेला माणूस अविवाहित किंवा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर त्याचे आईवडील, त्यांना आणखी काही सिद्ध करावं लागत नाही. तो विवाहित असेल तर आईवडिलांना आपण त्याच्यावर पूर्ण किंवा काही अंशी अवलंबून होतो हे दाखवावं लागतं. अज्ञान भाऊ, अविवाहित किंवा विधवा बहीण, विधवा सून यांनाही तीच अट.

दावा जातो रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे. १९८७ च्या कायद्याने ते उभं राहिलं आणि १९८९ च्या नोव्हेंबरात त्याचं काम सुरू झालं. या बाबतीत साध्या दिवाणी कोर्टाला अधिकार नाही. दावेदार राहतो ते ठिकाण, तिकीट काढलं ते, अपघात झाला ते किंवा जिथे जायचं होतं ते, यांतलं कुठलंही ज्या खंडपीठाच्या हद्दीत येतं तिथे अर्ज करता येतो. खानापूर, चिकोडी, बेळगावच्या माणसाला बंगळूरचं खंडपीठ. पण चंदगडचा माणूस बेळगाव स्टेशनवर गाडी पकडतो; त्याच्या घरच्यांना राहत्या ठिकाणावरून मुंबईचं खंडपीठही धरता येतं. रेल्वेचा कायदा केंद्राचा आहे. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे हक्क तोच, रक्कमही तीच.

मुदत एक वर्षाची, अपघाताच्या दिवसापासून. उशिराचं सबळ कारण दिलं तर न्यायाधिकरण ते माफ करू शकतं, पण त्या भरवशावर राहू नये. कन्नड कागदांना इंग्रजी भाषांतर जोडून द्यावं. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील, आणि आपल्याला ते धारवाडच्या खंडपीठात करता येतं. आक्काचे आठ महिने गेले होते, चार शिल्लक होते. तिचा अर्ज मुदतीत गेला.

मंत्र्यांचे धनादेश आणि ४५ पैसे

मोठा अपघात झाला की टीव्हीवर लगेच रक्कम जाहीर होते. ती सानुग्रह मदत, या ८ लाखांहून वेगळी. २ जून २०२३ च्या बालासोर अपघातानंतर रेल्वेने मृतांच्या वारसांना १० लाख जाहीर केले होते, ते त्या घटनेपुरते. त्यानंतर १८ सप्टेंबर २०२३ पासून रेल्वेने नेहमीचे दरच वाढवले: गाडीच्या अपघातात मृत्यूला ५ लाख, गंभीर जखमीला अडीच लाख, किरकोळ जखमीला ५० हजार. आधी मृत्यूला फक्त ५० हजार होते. दरोडा, हल्ला अशा घटनांत मृत्यूला दीड लाख. ही मदत घेतली म्हणून न्यायाधिकरणातला हक्क जात नाही. पण ती मिळाली की काही घरांना वाटतं सगळं मिळालं, आणि ते पुढचा दावाच करत नाहीत.

विमाही वेगळा. आयआरसीटीसीवर आरक्षित ई-तिकीट काढताना प्रवास विम्याची चौकट असते, माणशी ४५ पैसे. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला १० लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला साडेसात लाख, दवाखान्याला २ लाखांपर्यंत. रेल्वे कायद्याचं कलम १२८ एकाच अपघाताची भरपाई दोनदा घेऊ देत नाही, पण विम्याच्या पैशाला ते हात लावत नाही. म्हणजे विमा वरचा. तिकीट काढून झाल्यावर विमा कंपनीकडून संदेश येतो, त्यातल्या दुव्यावर वारसाचं नाव भरून ठेवावं.

मला खटकतं ते असं की हा विमा खिडकीवरच्या तिकिटाला नाही आणि जनरल डब्याच्या तिकिटालाही नाही. आरक्षित बर्थवर झोपलेल्या माणसाला तो मिळतो. घटप्रभेला चढून दारात लोंबकळत येणाऱ्या पोराला मिळत नाही. पडण्याचा धोका कुणाला जास्त आहे हे रेल्वेला माहीत नाही असं नाही.

आता पुन्हा त्या सौद्याकडे. प्रवाशाने मोठ्या रकमेचा हक्क सोडला तो लवकर आणि नक्की मिळावं म्हणून. पण तिकिटावरून, दारात उभं राहण्यावरून, रूळ ओलांडण्यावरून वर्षानुवर्षं भांडण चालणार असेल, तर लवकरही नाही आणि नक्कीही नाही. हद्द तेवढी शाबूत राहते. बसच्या अपघाताचा दावा बेळगावात चालतो. रेल्वेच्या दाव्यासाठी विधवेने पाचशे किलोमीटरवर बंगळूरला जायचं, ज्या गाडीने तिचा माणूस गेला त्याच गाडीने. मी वाचकांना विनंती करतो की हा विषय बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांकडे लेखी न्यावा. रक्कम वाढवायला संसदेत विधेयक आणावं लागत नाही, कलम १२९ खाली सरकारने काढलेली एक अधिसूचना पुरते. पत्रात तीन मागण्या असाव्यात: ८ लाखांचा आकडा आज वाढवा आणि दर काही वर्षांनी महागाईप्रमाणे तो आपोआप वाढेल असं नियमातच लिहा, ४५ पैशांचा विमा खिडकीवरच्या आणि जनरल तिकिटालाही द्या, आणि आपल्या भागातल्या दाव्यांची सुनावणी नेमाने बेळगाव किंवा हुबळीत ठेवा.